शेऱ्याचा रकाना

हालचाल ही आतल्या अवस्थेची खूण आहे, अशी माणसाची फार जुनी समजूत आहे. तान्हे मूल हातपाय झाडू लागले की आई म्हणते, आज स्वारी खुशीत आहे. आजारी माणूस अंथरुणात तळमळू लागला की आपण ओळखतो, याला वेदना होताहेत. आणि तोच निपचित पडला की, आता जरा डोळा लागला असेल, म्हणून पावले न वाजवता आपण खोलीबाहेर येतो. गोठ्यातली गाय पाय आपटू लागली की धार काढणारी बाई सावध होते. ज्यांना बोलता येत नाही अशा जिवांच्या बाबतीत तर हालचालीखेरीज दुसरा पुरावाच आपल्या हाती नसतो. औषधशास्त्राची पुष्कळशी उभारणी याच पुराव्यावर झालेली आहे. औषध दिल्यावर प्राण्याला झोप आली की गुंगी, त्याला भीती वाटते आहे की उल्हास, हे त्याच्या पायांवरून, मानेवरून आणि डोळ्यांवरून ठरवावे लागते.

हा पुरावा किती अपुरा पडू शकतो, हे ज्या औषधांनी शास्त्रज्ञांना शिकवले, त्यांच्याविषयी मला काही सांगायचे आहे. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात माझी उमेदीची सारी वर्षे गेली. मी डॉक्टर नव्हे, की संशोधकही नव्हे. प्राण्यांची निगा राखणे आणि प्रयोगाच्या वेळी त्यांच्या हालचाली मोजून वहीत उतरवणे, एवढेच प्रयोगशाळा सहायक म्हणून माझे काम. वसई रोडहून सकाळची गाडी पकडायची, गर्दीत उभ्याने मुंबई गाठायची आणि दिवसभर पांढऱ्या उंदरांच्या सहवासात राहायचे. गावात कोणी विचारले, की मी सांगत असे, ‘मी उंदरांची पावले मोजते.’ लोक हसत, आणि त्यांच्याबरोबर मीही हसत असे. परंतु पावले मोजता मोजता जे प्रश्न माझ्यापुढे उभे राहिले, ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

या औषधांची कहाणी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात सुरू होते. तेथील पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत व्हिक्टर मॅडॉक्स या रसायनतज्ज्ञाने १९५६ साली फेनसायक्लिडीन नावाचे एक द्रव्य तयार केले. प्राण्यांवर त्याचा काय परिणाम होतो, हे पाहण्याचे काम ग्रॅहॅम चेन या औषधशास्त्रज्ञाकडे आले. एकाच द्रव्याविषयी निरनिराळ्या प्राण्यांनी निरनिराळी साक्ष दिली. उंदीरवर्गातील प्राणी मद्य प्याल्यासारखे झिंगून उत्तेजित झाले. कबुतरे याच्या अगदी उलट, जागच्या जागी थिजली. माकडांना मात्र फार चांगली भूल चढली. एरवी माणसाला जवळ फिरकू न देणारी माकडे निमूट झाली. त्यांचा श्वास सुरळीत चालू राहिला आणि वेदनेची जाणीव नाहीशी झाली. त्या माकडांची मुद्रा पाहून या औषधाला ‘सर्निल’ हे नाव देण्यात आले. इंग्रजीतील ‘सेरेनिटी’ या शब्दाची, म्हणजे प्रसन्न शांतीची, छाया त्या नावावर आहे.

१९५८ साली डेट्रॉइटमध्येच हे औषध शस्त्रक्रियेसाठी माणसांना देण्यात आले. शरीरापुरते पाहिले तर माकडांची साक्ष खरी ठरली. श्वास मंदावला नाही, रक्तदाब घसरला नाही, आणि डोळे उघडे असतानाही रोग्याला सुरी लागल्याचे कळले नाही. परंतु भूल उतरू लागल्यावर कित्येक रुग्ण भ्रमात गेले. कोणी आरडाओरडा करू लागले, कोणाला नाही नाही ते भास होऊ लागले, आणि काहींची ही अवस्था तासन्‌तास टिकली. १९५९ साली एडवर्ड ल्युबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी थोड्या मात्रेत हे औषध निरोगी माणसांना आणि स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, झालेल्या रुग्णांना देऊन पाहिले. निरोगी माणसांत त्या व्याधीची आठवण करून देणारी लक्षणे दिसू लागली, आणि जे आधीच व्याधिग्रस्त होते त्यांचा आजार बळावला. १९६५ पर्यंत माणसांवरील त्याचा वापर बंद झाला.

माकडांना जे सांगता आले नव्हते, ते माणसांनी सांगितले. ‘प्रसन्न शांती’ हे नाव पाहणाऱ्याने दिले होते. ज्याच्यावर प्रसंग गुदरत होता त्याला कोणी विचारले नव्हते, आणि विचारूनही उत्तर मिळणार नव्हते. या एका गोष्टीने माझ्या मनात फार वर्षे घर केले आहे.

फेनसायक्लिडीनचे गुण ठेवून दोष कमी करावेत, या हेतूने शोध चालू राहिला. त्यातून कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनतज्ज्ञाने १९६२ साली केटामीन तयार केले. ३ ऑगस्ट १९६४ या दिवशी ते प्रथम माणसाला टोचण्यात आले. एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सेन या दोन डॉक्टरांनी हा प्रयोग केला, तो मिशिगन राज्यातील जॅक्सन येथील तुरुंगातल्या वीस स्वयंसेवक कैद्यांवर. बंदिवानाची स्वेच्छा कितपत स्वेच्छा असते, हा प्रश्न आज कोणीही विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. पण निदान हे लोक बोलू शकत होते. त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना काही ना काही विचित्र अनुभव आला. आपण अवकाशात तरंगत आहोत, आपल्याला हात आणि पाय नाहीतच, असे त्यांनी सांगितले. या अवस्थेला नाव काय द्यावे, याचा विचार चालू असताना डॉमिनो यांच्या पत्नी टोनी यांनी ‘डिसोसिएटिव्ह’ हा शब्द सुचवला. विलग करणारी भूल, असे आपण मराठीत म्हणू. इतर भुलीत माणूस झोपतो. येथे तो जागच्या जागी राहूनही स्वतःच्या देहापासून तुटतो.

केटामीनचे उपकार मोठे आहेत, हे येथे नोंदवले पाहिजे. १९७० साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि व्हिएतनाम युद्धातील जखमी सैनिकांसाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. १९८५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. श्वास आणि रक्तदाब यांना ते सहसा धक्का लावत नाही; म्हणून जेथे यंत्रसामग्री तुटपुंजी आहे अशा ठिकाणी या औषधाने असंख्य जीव वाचवले आहेत. दुरुपयोग होऊ लागल्यामुळे आपल्या देशात २०१३ साली ते अधिक कडक नियंत्रणाखाली आणण्यात आले. प्राण्यांच्या शस्त्रक्रियेतही ते नित्याचे आहे. जुन्नरच्या उसाच्या शेतांतून बिबट्याला पकडण्याची वेळ आली, की बंदुकीने मारायच्या सुईत बहुधा केटामीन आणि त्याच्या जोडीला स्नायू सैल करणारे दुसरे औषध असते. बिबट्या आडवा होतो, पण त्याचे डोळे उघडेच राहतात. पापणी मिटत नाही म्हणून डोळ्यांत मलम घालावे लागते आणि वर फडके झाकावे लागते. ते उघडे डोळे पाहून नवखा माणूस दचकतो. जाणते पशुवैद्यही अशा वेळी आवाज न करता काम उरकतात. कारण त्या डोळ्यांमागे काय चालले आहे, हे खात्रीने कोणी सांगू शकत नाही.

आता प्रयोगशाळेकडे वळू. उंदराची हालचाल मोजण्याची आमची मुख्य पेटी साधी होती. चार भिंती, एका बाजूला दिवे आणि समोरच्या बाजूला प्रकाश ओळखणारे घट. उंदराने किरण ओलांडला की आकडा एकाने वाढायचा. कोणतेही औषध न दिलेला उंदीर या पेटीत सोडला, की प्रथम भिंतीच्या कडेकडेने फिरतो, मागच्या पायांवर उभा राहून वास घेतो, मध्येच थांबून तोंड पुसतो, आणि जागेची ओळख पटली की एखाद्या कोपऱ्यात अंग चोरून बसतो. आकडा आरंभी भराभर चढतो, मग मंदावतो. घरात आलेला नवा पाहुणाही असाच वागतो.

केटामीन, फेनसायक्लिडीन किंवा त्याच कुळातले एमके-८०१ हे द्रव्य थोड्या मात्रेत दिलेला उंदीर मात्र स्थिरावत नाही. तो चालत राहतो. उभे राहणे आणि हुंगणे कमी होते. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, लंबकासारखी झुलत राहते. कधी तो स्वतःभोवती गोल गोल फिरतो. मागचे पाय फाकतात, तो कोलमडतो, उठतो आणि पुन्हा चालू लागतो. मात्रा वाढवली की कोलमडणे वाढते. आणखी वाढवली की तो पडून राहतो, पाठीवर उलथा केला तरी पालथा होऊ शकत नाही, पण डोळे उघडेच असतात. भूल उतरताना हीच वाट उलट्या दिशेने दिसते. आधी डोके हलू लागते, मग पुढचे पाय ओढले जातात, आणि मग पुन्हा ते झिंगलेले चालणे.

यंत्राला यांतले काहीच ठाऊक नसते. त्याला आकडा ठाऊक. भेदरून पळणाऱ्या उंदराचा आकडा, अ‍ॅम्फेटामीनने उत्तेजित होऊन हुंगत फिरणाऱ्या उंदराचा आकडा आणि केटामीनने देहाची जाणीव हरवलेल्या उंदराचा आकडा एकच येऊ शकतो. आमच्या नोंदवहीत आकड्यांच्या रकान्यांनंतर उजव्या कडेला एक अरुंद रकाना असे; त्यावर ‘शेरा’ असे लिहिलेले असे. बहुतेक जण तो कोरा ठेवीत. माझे पहिले वरिष्ठ सर मात्र त्याबाबत फार काटेकोर होते. आकडा यंत्र लिहील, तुम्ही कशासाठी आहात, असे ते विचारीत. त्यामुळे मला सवय लागली. ‘मान झुलते’, ‘भिंतीला नाक लावून उभा’, ‘पडला, त्याच दिशेने पुन्हा निघाला’, अशा नोंदी मी करू लागले. पुढे काही प्रयोगांचा अर्थ लावताना या शेऱ्यांचा आधार घेण्यात आला, ही माझ्या नोकरीतील समाधानाची गोष्ट आहे.

या औषधाने उंदीर धावू का लागतो, हे कोडे बरीच वर्षे सुटले नव्हते. १९८३ साली डेव्हिड लॉज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की केटामीन आणि फेनसायक्लिडीन ही दोन्ही द्रव्ये चेतापेशींवरील एका विशिष्ट ग्राहीला अडवतात. त्याला एनएमडीए ग्राही म्हणतात. ग्लुटामेट हा मेंदूतील उत्तेजनाचा प्रमुख संदेशवाहक याच दाराने आपला निरोप पोहोचवतो. उत्तेजनाचे दार बंद केले तर प्राणी मंदावला पाहिजे. मग तो धावतो कसा? याचे उत्तर असे दिले जाते, की मेंदूत उत्तेजन देणाऱ्या पेशी आहेत तशाच लगाम खेचणाऱ्या पेशीही आहेत, आणि थोड्या मात्रेत हे औषध आधी लगाम खेचणाऱ्यांनाच गप्प करते. १९९७ साली बिता मोघद्दम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये दाखवले, की थोड्या केटामीनने मेंदूच्या पुढच्या भागातील ग्लुटामेट कमी होण्याऐवजी वाढते. मात्रा भुलेइतकी वाढली की हे चित्र बदलते. बाहेरून उधळलेला दिसणारा उंदीर हा उत्साहाने भरलेला नसतो. त्याचा लगाम सुटलेला असतो.

हे सारे माझ्यासाठी केवळ पगाराचे काम राहिले नाही, याला कारण माझा धाकटा भाऊ. महाविद्यालयात शिकत असताना त्याला छिन्नमनस्कतेने गाठले. आरंभी तो रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालीत असे. पुढे एक काळ असा आला, की तो ओट्यावर बसला की दोन दोन तास हलत नसे. हातात कप दिला तर तो तसाच धरून राही. चहा निवून जाई. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, “चला, शांत झाला एकदाचा. माउलीने ऐकलं.” त्यांच्या बोलण्यात माया होती, आणि येरझाऱ्यांच्या त्या रात्री त्यांनीही आमच्याबरोबर जागून काढल्या होत्या. उपचारांनी काही आठवड्यांनंतर तो बोलू लागला, तेव्हा एका संध्याकाळी मला म्हणाला, “ताई, मी शांत नव्हतो. आत एवढी गर्दी झाली होती, की एक बोट हलवलं तरी काहीतरी कोसळेल असं वाटायचं.”

त्यानंतर त्याला नियमित औषध सुरू झाले. भास कमी झाले. आम्ही देवाचे आभार मानले. पण काही महिन्यांनी तो पुन्हा मंदावला. चालताना त्याचे हात झुलेनासे झाले, चेहऱ्यावरचे भाव पुसले गेले. आजार उलटला, असे घरात सगळ्यांना वाटले. मला मात्र आमच्या प्रयोगशाळेतील दांडी आठवली. उंदराचे पुढचे पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे आणि तो किती वेळाने खाली उतरतो हे घड्याळावर मोजायचे, अशी एक चाचणी आहे. साधा उंदीर लगेच उतरतो. हॅलोपेरिडॉल दिलेला उंदीर त्याच अवघडलेल्या अवस्थेत मिनिटेच्या मिनिटे राहतो. भाऊ हॅलोपेरिडॉलच घेत होता. मी त्याचा हात कोपरात वाकवून पाहिला, तर तो जुन्या बिजागरीसारखा अडखळत वाकला. डॉक्टरांना हे सविस्तर सांगितल्यावर त्यांनी तपासून मात्रा कमी केली आणि जोडीला दुसरे औषध दिले. महिन्याभरात त्याचे हात चालताना पुन्हा झुलू लागले. आजाराने आलेली निश्चलता आणि औषधाने आलेली निश्चलता ओट्यावर एकसारखीच दिसत होती. एकीवर उपाय औषध देणे हा होता, तर दुसरीवर औषध कमी करणे हा. प्रयोगशाळेतही हेच दिसते: हॅलोपेरिडॉलने दांडीवर थिजलेल्या उंदराला एमके-८०१ दिले तर तो खाली उतरतो, पण जे एमके-८०१ त्याला सोडवते, तेच निरोगी उंदराला भ्रमिष्टासारखे गोल फिरायला लावते.

म्हणूनच १९९८ साली मोघद्दम आणि बार्बरा अ‍ॅडम्स यांचा प्रबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला आणि आमच्या विभागात त्यावर चर्चा झाली, तेव्हा मी कोपऱ्यात उभी राहून जिवाचा कान करून ऐकत होते. फेनसायक्लिडीन दिलेल्या उंदरांना एक नवे द्रव्य दिले असता त्यांचे ते निरर्थक धावणे आणि मान झुलवणे कमी झाले होते. स्मृतीतील बिघाडही सुधारला होता. हे द्रव्य डोपामीनला न अडवता ग्लुटामेटवर काम करीत होते. म्हणजे ज्या अवघडलेपणाने माझ्या भावाला ग्रासले होते, ते टाळून आजारावर इलाज होण्याची शक्यता. त्याच जातीच्या एका औषधाने २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांनाही बरे वाटल्याचे दिसले. आमच्या घरात त्या वर्षी फार आशा होती. पुढे मोठ्या चाचण्यांत ते टिकले नाही, आणि २०१२ साली एली लिली या कंपनीने त्यावरील काम थांबवले. उंदराचे धावणे थांबले होते. माणसाचे दुःख थांबले नाही.

या निष्कर्षाने मी खचले, असे म्हणणार नाही. शास्त्राची वाट अशीच असते. पण त्यातून एक गोष्ट मला स्पष्ट झाली. उंदराचे धावणे हे छिन्नमनस्कतेचे चित्र म्हणून आपण वापरीत होतो, कारण तेवढेच आपल्याला मोजता येत होते. माझ्या भावाच्या आजारात धावणे हा फार लहानसा भाग होता. कानी येणारे आवाज, आपल्या माणसांविषयीचा संशय, मित्र तुटल्याचे एकाकीपण, यांपैकी काहीच किरण ओलांडत नव्हते.

मग हालचालीवरून काही कळतच नाही, असे समजायचे का? तसेही नाही. अलीकडच्या दोन संशोधनांनी मला या बाबतीत नवी दृष्टी दिली. २०२० साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी मेंढ्यांना केटामीन देऊन त्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी टिपल्या. सर्वांत मोठ्या मात्रेनंतर सहांपैकी पाच मेंढ्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलातील विद्युत्-क्रिया काही मिनिटे जवळजवळ पूर्ण थांबली आणि नंतर पुन्हा सुरू झाली. पडून राहिलेल्या मेंढीकडे नुसते पाहून, आत एवढी नीरव पोकळी झाली आहे, असे कोणाच्या ध्यानी आले असते?

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठात कार्ल डायसेरॉथ यांच्या प्रयोगशाळेने ‘नेचर’मध्ये लहान उंदरांवरील काम प्रसिद्ध केले. केटामीन दिलेल्या उंदरांच्या मेंदूच्या मागच्या भागात, एका ठरावीक पट्ट्यात, सेकंदाला एक ते तीन या मंद लयीत पेशी एकत्र स्पंदू लागतात, असे त्यांना आढळले. या उंदरांना तापलेल्या पृष्ठभागावर ठेवले, तेव्हा त्यांनी पाय झटकन उचलला. पण साधा उंदीर पाय उचलल्यावर तो चाटतो. यांनी चाटला नाही. पाय उचलणे ही प्रतिक्षिप्त क्रिया. ती कायम होती. दुखऱ्या पायाची काळजी घेणे, तो आपला आहे म्हणून त्याला जपणे, हे मात्र हरवले होते. त्याच संशोधनात अपस्माराचा एक रुग्ण होता. झटका येण्यापूर्वी त्याला देहापासून वेगळे झाल्यासारखे वाटे, आणि त्याच्याही मेंदूच्या तशाच भागात तीच मंद लय आढळली. येथे उंदराची हालचाल आणि माणसाचे शब्द एकमेकांना साक्ष देत होते.

ही साक्ष मिळाली, कारण पाहणाऱ्याने पाय किती वेळा उचलला एवढेच मोजले नाही; उचलल्यावर पुढे काय केले, तेही पाहिले. माझ्या मते सारे मर्म यात आहे. हालचाल खोटे बोलत नाही, पण तिला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायला लावले की ती अर्धवट बोलते.

आणि म्हणूनच प्राण्यांना वागवण्याचा प्रश्नही येथे येतो. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या १९९२च्या कॅटेकिझममध्ये याविषयी स्पष्ट शिकवण आहे. मानवी जीव वाचवण्यास वा त्याची शुश्रूषा करण्यास साहाय्य होत असेल, तर वाजवी मर्यादेत प्राण्यांवरील प्रयोग नैतिकदृष्ट्या मान्य आहेत; परंतु त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली सुचवलेली त्रिसूत्री, म्हणजे शक्य तेथे पर्याय शोधा, संख्या कमी करा, आणि यातना कमी होतील अशी पद्धत सुधारा, ही आज जगभर मान्य आहे. आपल्या देशात १९६०चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८चे प्रयोगविषयक नियम आहेत. नियम हवेतच. पण नियमाला यातना ओळखता येत नाही. ती ओळखणारे कोणीतरी पिंजऱ्याजवळ उभे असावे लागते. आणि विलग करणाऱ्या भुलीच्या बाबतीत तर नेहमीच्या खुणा, मिटलेले डोळे, ढिले पडलेले अंग, काहीच सांगत नाहीत. प्राणी निमूट आहे म्हणून त्याला काही होत नाही, असे येथे धरून चालता येत नाही. जेथे कळत नाही तेथे जास्त काळजी घ्यावी, एवढे तरी आपल्या हाती असते. केटामीन दिलेल्या उंदराला मी नेहमी अंधाऱ्या, ऊबदार जागी, गडबडीपासून दूर शुद्धीवर येऊ देत असे. त्याला त्याने बरे वाटत होते की नाही, हे मला कधीच कळले नाही.

माझ्या निवृत्तीपूर्वी विभागात नवी यंत्रणा आली. वरून कॅमेरा, जोडीला संगणक. उंदीर किती अंतर चालला, किती वेगाने, कोणत्या कोपऱ्यात किती वेळ होता, याचा नकाशाच पडद्यावर उमटतो. फार उपयोगी वस्तू आहे. माझ्या डोळ्यांना जे दिसले नसते ते तिला दिसते. छापून येणाऱ्या तक्त्यात मात्र शेऱ्याचा रकाना नव्हता. माझ्या जागी आलेल्या मुलीला काम समजावून देताना मी तिला जुनी वही दाखवली आणि म्हटले, “तक्ता येऊ दे, पण तू आधी पाच मिनिटं पेटीजवळ बस. जे दिसेल ते समासात लिही.” ती लिहीत असेल, असा माझा विश्वास आहे.

भाऊ आता साठीकडे झुकला आहे. औषधे चालू आहेत. वाडीतली फुलझाडे तो पाहतो, रविवारी चर्चला येतो, आणि कधीकधी दुपारभर विहिरीच्या काठावर न हलता बसून राहतो. ते बसणे सुखाचे आहे की दुःखाचे, हे ओट्यावरून ओळखण्याचा प्रयत्न मी करीत नाही. चहाचा कप घेऊन मी त्याच्याजवळ जाते आणि विचारते, “काय रे, कसं वाटतंय?” उत्तर यायला कधी कधी बराच वेळ लागतो. तेवढा वेळ मी तिथे बसते.